निलगिरी सहलीवरील अभिप्रायास उत्तर

महोदय,

तमिळनाडूतील मेट्टुपालयम ते उटी या डोंगरी रेल्वेने होणाऱ्या आमच्या निलगिरी सहलीवरील आपला अभिप्राय वाचला. वाफेच्या इंजिनाची सहल म्हणून पैसे घेतले आणि वाटेतल्या कुन्नूर स्थानकात डिझेल इंजिन जोडले, वाफेचे इंजिन गाडीच्या मागे असल्याने मुलांना ते दिसलेच नाही, ४६ किलोमीटरला पाच तास लागले, यापेक्षा आपली इंदूरजवळची पातालपानीची पर्यटक गाडी बरी, म्हणून रेल्वेभाडे परत मिळावे, असे आपले म्हणणे आहे.

इंजिन मागे असते, याला सबळ कारण आहे. घाटाच्या पायथ्याचे कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ १२ मीटरला जवळपास १ मीटर इतका होतो. (पातालपानीचा घाट आपण माळव्यातले लोक अवघड मानतो, पण तिथला चढ ४० ला १ आहे.) एवढ्या चढावर नुसती चाके घसरतील, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि इंजिनाची दातेरी चक्रे त्यांत अडकत गाडी वर ढकलतात. इंजिन उताराच्या बाजूला असल्यामुळे एखादी जोडणी तुटली तरी डबे घरंगळत न जाता त्याच्यावर टेकतात. १८९९ साली कुन्नूरपर्यंत हा मार्ग सुरू झाला तेव्हापासूनची ही पद्धत आहे, आणि माझ्या मते तिचा फायदाही प्रवाशालाच होतो, कारण पुढच्या डब्यातून संपूर्ण घाट मोकळा दिसतो.

दातेरी मार्ग कुन्नूरला संपतो; पुढे उटीपर्यंत रेल्वे डिझेल इंजिन जोडते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मेट्टुपालयम ते कुन्नूर वाफेचे इंजिन’ असेच छापलेले आहे आणि ती पत्रिका नोंदणीच्या वेळी आपल्याला दिली होती. इंजिन बदलत असताना आमचे सहलप्रमुख प्रवाशांना फलाटावरून इंजिनाजवळ नेतात. त्या वेळी आपले कुटुंब न्याहारीसाठी स्थानकाबाहेर गेले होते, अशी त्यांची नोंद आहे. पातालपानी–कालाकुंड गाडीलाही डिझेल इंजिनच असते, हेही नमूद करणे भाग आहे.

वेळेबाबत एवढेच, की १६ बोगदे आणि अडीचशे पूल ओलांडत, वाटेत इंजिनात पाणी भरून घेत चढणारी गाडी यापेक्षा लवकर पोहोचत नाही. ज्यांना लवकर पोहोचायचे असेल त्यांच्यासाठी मोटारीचा पर्याय आम्ही नेहमी ठेवतो.

आपण ठरलेला प्रवास पूर्ण केला असून तिकिटाची रक्कम रेल्वेकडे जमा झालेली आहे, त्यामुळे भाडे परत करता येणार नाही. मुलांना इंजिन समोर धावताना पाहायचे असेल, तर पुढच्या वेळी कुन्नूरहून मेट्टुपालयमकडे उतरणारी गाडी निवडावी. उतारावर तेच इंजिन पुढे असते आणि वेळही कमी लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात दरडी कोसळून गाड्या रद्द होतात, म्हणून ते महिने मात्र टाळावेत.

आपला,
संचालक, इंदूर