लेंडीपुराण

सशाला घेऊन डॉक्टरकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘शेवटची लेंडी कधी टाकली?’’ याचं उत्तर घड्याळ न बघता देता येणं ही मी सशाच्या पालकाची किमान पात्रता समजतो. बाकी जगाच्या मते ससा म्हणजे गरीब जनावर. एक गाजर टाकलं की कोपऱ्यात गप्प बसतं. याच समजुतीवर वाढदिवसाला दुकानातून आणलेले ससे चार महिन्यांनी बुटांच्या खोक्यातून सोसायटीच्या बागेत उतरवले जातात. ‘रानातला जीव रानात गेला’ हे वर समाधान! अहो, आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. दुकानातला हा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. माळावरच्याची पिल्लं अंगभर केस घेऊन, डोळे उघडूनच जन्मतात. याची नागडी आणि आंधळी. मराठीने दोघांना एकच नाव देऊन काटकसर केली, ती भटक्या कुत्र्यांच्या पथ्यावर पडते.

त्या कुत्र्यांतून वाचलेला एखादा तुमच्याकडे आला की पुढची आठ-दहा वर्षं घर त्याचं. आणताना कान धरून उचलायचा नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. लटकता राहिला तर लाथा झाडताना तो स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. नाकावर, कानांच्या कडांना पांढरट खपल्या दिसल्या तर ती खरूज. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध घरात उरलं असेल तर ते उरलेलंच राहू द्या : त्यात बहुतेकदा असणारं फिप्रोनिल सशाला विषासारखं आहे. ‘नर आहे’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर मान डोलवावी आणि डॉक्टरकडून तपासून घ्यावं. सशीण साधारण ३१ दिवसांत विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते; गणित तुम्हीच करा. म्हणून नसबंदी. आणि दवाखान्यातून ‘ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवा’ असा निरोप आला तर दवाखाना बदला. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे उपासाचं कारणच उरत नाही. उलट त्याचं आतडं थांबलं की तोही थांबतो.

सशाला शिंगं नसतात हे शास्त्रकारांनी आवर्जून सांगून ठेवलंय. दातांबद्दल ते गप्प आहेत. पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात, जन्मभर. शिवाय बिळात आडवं आलेलं मूळ तोडून वाट मोकळी करायची त्याची खानदानी सवय, आणि चार्जरची वायर त्याला मुळासारखीच दिसते. इलेक्ट्रिकच्या दुकानातून फ्लेक्झिबल पाइप आणायचा, लांबीत चिरायचा, वायर आत दाबायची. तरीही सोफ्यामागची जागा बंदच करा, कारण पाइप कुरतडायलाही त्याच्याकडे वेळ भरपूर असतो.

आता जेवण. रोज त्याच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा ढीग. दात झिजतात ते त्यानेच. ‘बर्म्युडा हे’ (इंग्रजी ‘हे’, म्हणजे वाळलं गवत) असं छापलेली महागडी पिशवी मागवण्याआधी एक लक्षात घ्या : बर्म्युडा म्हणजे आपली हराळी, गणपतीच्या दूर्वा! फवारणी न झालेल्या जागेवरची आणून सावलीत वाळवली की काम झालं. लसूणघास ससा सहा महिन्यांचा होईपर्यंत ठीक. पुढे त्यातलं कॅल्शियम लघवीतून निघतं आणि फरशीवर चुन्याची रांगोळी उमटते. ती व्हिनेगरने जाते. कधी लघवी लालभडक होते, घरात रडारड होते. बहुतेक वेळा तो पाल्यातला रंग असतो. अर्थात कुंथत असेल तर मात्र डॉक्टर. मुळ्याचा आणि गाजराचा पाला भाजीवाला फुकट देतो. गाजर स्वतः मिठाईत मोजायचं : एखादी चकती.

शी-शूसाठी पसरट घमेलं, तळाला वर्तमानपत्र, वर गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत तिथेच ठेवलं की शिकवणी आपोआप होते. घमेलं कुठे ठेवायचं हे तुम्ही ठरवता. मग तो दुसऱ्या कोपऱ्यात बसतो आणि तुम्ही ते तिकडे सरकवता.

उन्हाळ्यात पारा तिशीपलीकडे गेला की बाटलीत पाण्याचा बर्फ करून, पंच्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. कानांना ओला हात लावावा. आंघोळ मात्र कधीच नाही. धक्क्यानेही जीव जाऊ शकतो.

दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या. हरभऱ्याएवढी, कोरडी, चुरली की आत गवताचा भुसा : हे सुखी घराचं लक्षण. मिरीएवढी झाली तर गवत कमी पडतंय किंवा कुठेतरी दुखतंय. केसांत ओवून जपमाळेसारखी निघाली तर केस गळायचा मोसम, ब्रश काढा. शिवाय काळपट, चकचकीत, द्राक्षांच्या इवल्या घोसासारखी एक असते. ती तो थेट बुडाला तोंड लावून खातो, कारण त्यात ब जीवनसत्त्व असतं. पाहुण्यांसमोर खातो. हाकलू नका, विषय बदला.

दहा-बारा तास खाणं नाही आणि घमेलं रिकामं, तर सकाळची वाट बघायची नाही, हिंग-ओवाही नाही. रात्री दोन वाजता दवाखाना गाठायचा. उपचारानंतर घरातली चार शिकलेली माणसं घमेल्याभोवती मोबाइलचा टॉर्च लावून उकिडवी बसतात, आणि तीन वाजून वीस मिनिटांनी कोणीतरी ओरडतं, ‘‘आली!’’