निविदेत केबलही लिहा

सीसीटीव्हीच्या धंद्यातल्या संघटना सरकारदरबारी गेल्या की मागण्या ठरलेल्या: मुदत वाढवा, जुना माल खपवू द्या, कर कमी करा. केंद्राने ९ एप्रिल २०२४ ला कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या अटी काढल्या, तेव्हाही मुदतवाढीचाच धोशा होता. शेवटी ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. अटी योग्यच आहेत. उघडे डीबग पोर्ट (कंपनीने तपासणीसाठी ठेवलेली आत शिरायची वाट) आणि सगळ्या कॅमेऱ्यांना एकच फॅक्टरी पासवर्ड, हे प्रकार बंद व्हायलाच हवे होते.

पण या अटींची चाचणी होते ती फक्त कॅमेऱ्याची. मे महिन्यात कळंगुटला लावलेला कॅमेरा चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, आंधळा होतो, त्याला हॅकर लागत नाही. खारी हवा आणि वाईट फिटिंग पुरेसं असतं. गोव्यातल्या विक्रेत्यांनी, इन्स्टॉलरांनी राज्य सरकारकडे काही मागायचंच असेल तर फिटिंगचे निकष मागावेत.

सगळ्यात मोठा घोळ केबलचा. कॅट-६ नेटवर्क केबल म्हणून स्वस्तातली सीसीए केबल मारतात, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या जवळजवळ दीडपट. ८०-९० मीटरवर पीओईने, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेऊन चालणारा कॅमेरा दिवसा ठीक दिसतो. रात्री अंधारात दिसण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले की करंट वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. मग दोष कॅमेऱ्यावर! तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर माल परत करा.

दुसरं, आरजे-४५ जोड, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाचा प्लग. कॅमेऱ्यासोबत येणारं वॉटरप्रूफ कव्हर आणि रबरी वॉशर बहुतेकदा खोक्यातच राहतात. पिना हिरव्या पडल्या की लिंक तुटते. जोड जंक्शन बॉक्सच्या आत हवा, केबल खालून ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घ्यायची आणि त्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. किनाऱ्यालगत स्क्रू एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलचे. ३०४ प्रतीच्या स्टीलवरही तांबूस डाग येतात. दोन इमारतींमध्ये तांबं नकोच, फायबर टाका, नाहीतर एका विजेत स्विच आणि एनव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर) दोन्ही जातात.

एआयची जाहिरात सध्या जोरात आहे. त्याआधी हार्ड डिस्कचा हिशेब करा. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे, तीस दिवस: सुमारे ५.२ टीबी. तिथे २ टीबीची डिस्क लावली की अकरा-बारा दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं, आणि पोलीस फुटेज मागायला येतात ते पंधराव्या दिवशी.

घड्याळाकडे तर कोणी बघतच नाही. एनव्हीआरची बटण-बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख मागे जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली हॅशसह (फाइलच्या डिजिटल ठशासह) प्रमाणपत्र दिलं, तरी स्क्रीनवरची वेळ चुकीची असेल तर उलटतपासणीत वकील तेच धरणार. नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी एनटीपी सोय सुरू ठेवायला पैसे लागत नाहीत.

पंचायत, पालिका एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोली बघून काम देतात आणि बीओक्यूत (निविदेतल्या सामानाच्या यादीत) लिहिलेलं असतं 'केबल, आवश्यकतेनुसार'. त्याजागी 'शुद्ध तांबे, २३ एडब्ल्यूजी' (एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप) लिहायला लावा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) आणि अर्थिंग वेगळ्या बाबी म्हणून दाखवा, आणि दहा टक्के बिल पुढचे दोन पावसाळे उलटेपर्यंत अडकवून ठेवा. शेवटची अट आमच्याच धंद्यातल्या लोकांना झोंबेल, पण चांगलं काम करणाऱ्याला एल-वनमध्ये टिकायला दुसरी वाट नाही.