कुंपण पूर्ण झालं की घुसखोरी बंद?

‘बांगलादेश सीमेला सलग कुंपण घाला, घुसखोरी आपोआप बंद होईल. मतपेढीसाठी हे काम अडवलंय. आत आलेले तर बोलीवरूनच ओळखू येतात,’ असा मजकूर फिरतोय. घुसखोरी होते, आणि कुंपणाचा उपयोगही आहे. तरीही ही तिन्ही विधानं तपासायला हवीत, कारण त्यांची झळ खऱ्या माणसांना बसते.

आधी ‘सलग कुंपण’. सीमा आहे ४,०९६ किलोमीटरची आणि ३,२०० किलोमीटरहून जास्त भागात कुंपण झालेलं आहे. उरलेल्यापैकी सुमारे १७४ किलोमीटरवर ते घालणं शक्यच नाही, असं केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलंय. आसामात धुब्रीला ब्रह्मपुत्रेचं पात्र अफाट आहे. त्यातली वाळूची बेटं, तिकडे त्यांना ‘चर’ म्हणतात, पुरात खचतात आणि दुसरीकडे वर येतात. खांब रोवायचे कुठे? म्हणून २०१९ मध्ये तिथल्या ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात सेन्सर आणि कॅमेरे बसवले गेले.

शिवाय जिथे कुंपण आहे, तिथेही ते सीमेवर नाही. १९७५ च्या भारत-बांगलादेश मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणासाठीचं बांधकाम करता येत नाही. त्यामुळे कुंपण आपल्या बाजूला मागे सरकलं आणि भारतीयांची शेतं, काही ठिकाणी अख्ख्या वस्त्या, कुंपणापलीकडे राहिल्या. तिथला शेतकरी सकाळी बीएसएफच्या गेटवर ओळखपत्र दाखवून स्वतःच्याच शेतात जातो आणि गेट बंद व्हायच्या आत परततो. ताग उंच वाढतो, त्याआडून पलीकडचं दिसत नाही, म्हणून तो लावायलाही हरकत घेतली जाते. मुंबईत बसून ‘अजून कडक करा’ म्हणताना हा शेतकरी आपल्याला आठवतो का?

मतपेढीचं म्हणाल, तर पश्चिम बंगालमध्ये राज्य सरकारकडून कुंपणासाठीच्या जमिनीचं हस्तांतर रखडलं, ही केंद्राची तक्रार खरी आहे. पण अडथळा तेवढाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये मालदा जिल्ह्यातल्या सुकदेवपूरला काम सुरू झाल्यावर बांगलादेशच्या सीमा दलाने हरकत घेतली आणि ढाक्याने भारतीय उच्चायुक्तांना बोलावून घेतलं.

सगळ्यात घातक आहे ते बोलीचं विधान. पश्चिम बंगालमधलं मुर्शिदाबाद आणि बांगलादेशातलं राजशाही यांच्यामध्ये फक्त पद्मा नदी वाहते, बोली दोन्ही काठांवर जवळपास सारखीच. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकललं गेलं. ते भारतीय निघाले, त्यांना परत आणावं लागलं. बोगस कागद करून देणारे दलाल शोधा, त्यांच्यावर खटले भरा, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण कुणालाही सीमेपार करण्याआधी त्याच्या गावच्या पोलीस ठाण्यातून खातरजमा करून घ्या आणि त्याला न्यायालयापुढे उभं राहू द्या.