‘परत जायचंय, मग ४०१(के) कशाला?’ हा सल्ला मानू नका

अमेरिकेत नव्याने नोकरीला लागलेल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: ‘एच-१बीवर आहात, चार-पाच वर्षांत परत जाणार, तर ४०१(के)मध्ये एक डॉलरही टाकू नका. पैसे साठीपर्यंत अडकतात. आधी काढले तर निम्मे कर आणि दंडात जातात. कंपनीने भरलेला मॅच नोकरी सोडली की काढून घेतात. भारतात गेल्यावर तिथे पुन्हा कर. त्यापेक्षा तेच पैसे भारतात एसआयपीत घाला. सोशल सिक्युरिटी तर बुडालीच आहे, निदान हे तरी वाचवा.’

सांगणारे बहुतेक वेळा आपलेच सीनियर असतात आणि त्यांच्या मनात भलं करायचंच असतं. पण हे वाचून पहिल्याच आठवड्यात एचआरच्या पोर्टलवर जाऊन आपलं योगदान शून्यावर आणणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. ती स्वतःच्या पगाराचा एक भाग नाकारत असतात आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

ज्यांना या खात्याची नीट ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४०१(के) हे अमेरिकेच्या करकायद्यातल्या कलमाचं नाव, ते १९७८ च्या दुरुस्तीतून आलं. पगारातली रक्कम प्राप्तिकर लागण्याआधी या निवृत्ती खात्यात जाते आणि कर लागतो तो काढताना. स्वतःच्या पगारातून २०२५ मध्ये २३,५०० आणि २०२६ मध्ये २४,५०० डॉलरपर्यंत भरता येतात. बऱ्याच कंपन्या वर आपली भर घालतात, तिला सगळे ‘मॅच’ म्हणतात. पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुम्ही जे भराल त्याच्या निम्मं कंपनी भरणार, ही नेहमी आढळणारी पद्धत.

‘निम्मे कर आणि दंडात जातात’

लोकांना घाबरवतं ते हेच वाक्य, म्हणून आधी याचाच हिशेब मांडू. अविवाहित माणूस, पगार वर्षाला १ लाख डॉलर, दर २०२५ चे. तो ६ टक्के म्हणजे ६,००० डॉलर भरतो. त्याच्या पगाराचा वरचा थर २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे कराच्या टप्प्यात येतो, त्यामुळे १,३२० डॉलर फेडरल (केंद्राचा) कर वाचतो. हातात येणारा पगार प्रत्यक्षात ४,६८० डॉलरनेच कमी होतो. कंपनी ३,००० घालते. खात्यात जमा झाले ९,०००.

आता सगळ्यात वाईट धरू. बाजार जागचा हलला नाही आणि पुढच्याच वर्षी नोकरी बदलताना या माणसाने, अमेरिकेतच असताना, सगळे पैसे काढून घेतले. दंड १० टक्के, म्हणजे ९००. कर २२ टक्के, म्हणजे १,९८०. हातात उरले ६,१२०. मॅच पूर्णपणे त्याच्या नावावर झालेला असेल, तर ४,६८० सोडून त्याला ६,१२० मिळाले. करू नये ती गोष्ट करूनही तो १,४४० डॉलरनी पुढेच आहे.

मॅच अजून त्याचा झालेला नसेल, तर हाच हिशेब उलटतो: ६,००० मधून दंड आणि कर गेल्यावर ४,०८० उरतात, म्हणजे ६०० डॉलरचं नुकसान. राज्याचा करही आहेच, शिवाय कॅलिफोर्निया मुदतीआधी पैसे काढण्यावर स्वतःचा आणखी २.५ टक्के दंड लावतं. नुकसान होऊ शकतं हे खरं. पण ‘निम्मे जातात’ हे कुठून आलं, ते मला कोणत्याही हिशेबात सापडत नाही.

आणि आपला विषय तर परत गेलेल्या माणसाचा आहे. त्याचं गणित अजून वेगळं पडतं. भारतात स्थायिक झाल्यावर अमेरिकेतला पगार थांबलेला असतो, त्यामुळे काढलेली रक्कम खालच्या ब्रॅकेटपासून भरत जाते. वर्षाला ३०,००० डॉलर काढले तर २०२५ च्या दरांनी, अनिवासी म्हणून स्टँडर्ड डिडक्शन न मिळताही, कर साधारण ३,३६० डॉलर होतो. दंड ३,०००. दोन्ही मिळून २१ टक्क्यांच्या आसपास. पैसे भरताना वाचवला होता २२ टक्के. म्हणजे दंड भरूनही कराची जवळपास फिट्टंफाट होते आणि मॅच वर शिल्लक राहतो. खातं सांभाळणारी संस्था देताना ३० टक्के कापून घेऊ शकते, पण ती कपात आगाऊ असते. १०४०-एनआर हे विवरणपत्र भरून जास्तीची रक्कम परत मागायची. (मूळ रकमेवर झालेली वाढ कोणत्या दराने धरायची यावर सीपीएंमध्येही, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालांमध्येही, मतभेद आहेत. मोठी रक्कम असेल तर दोन्हीकडचा कर कळणाऱ्या सीपीएची फी देणं परवडतं.)

राज्याच्या कराचं तर कुणी बोलतच नाही. १९९६ च्या फेडरल कायद्यानुसार राज्याबाहेर राहायला गेलेल्या माणसाच्या निवृत्ती खात्यातल्या रकमेवर जुन्या राज्याला कर लावता येत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहून पैसे भरताना राज्याचा कर वाचवला आणि पुण्याला जाऊन ते काढले, तर तो कर कायमचा वाचला.

‘साठीपर्यंत अडकतात’

साडेएकोणसाठ हे वय दंड संपण्याचं आहे, पैसे मिळण्याचं नव्हे. त्याच कंपनीत काम करत असताना पैसे काढणं अवघड असतं, ते ठीक. तिथेही बहुतेक योजना स्वतःच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त ५०,००० डॉलर कर्ज देतात. पण नोकरी सुटली की रक्कम काढायची, आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात हलवायची की तिथेच ठेवायची हे तुम्ही ठरवता. ७,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असेल, तर निवृत्तीच्या वयापर्यंत कंपनी तुम्हाला जबरदस्तीने बाहेर काढू शकत नाही. व्हिसा संपला म्हणून खातं जप्त होतं, असंही काही जण सांगतात. तसं काहीही होत नाही.

‘मॅच काढून घेतात’

यात अर्धं सत्य आहे. तुम्ही स्वतः भरलेला प्रत्येक डॉलर पहिल्या दिवसापासून तुमचाच. कंपनीने घातलेला भाग तुमच्या नावावर व्हायला काही काळ लागू शकतो, त्याला व्हेस्टिंग म्हणतात. त्यालाही कायद्याने मर्यादा घातली आहे: एकदम द्यायचा असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं, टप्प्याटप्प्याने असेल तर दुसऱ्या वर्षापासून २० टक्के धरून सहाव्या वर्षी पूर्ण. ‘सेफ हार्बर’ प्रकारच्या बहुतेक योजनांमध्ये मॅच लगेच तुमचा होतो. तुमच्या कंपनीचं काय, ते ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ या कागदात लिहिलेलं असतं आणि तुम्ही मागितल्यावर तो द्यावाच लागतो. ग्रुपवर विचारण्याऐवजी तो कागद मागा. तुमचे दोन महिन्यांनी नावावर होणारे पाच हजार डॉलर असतील, तर राजीनाम्याची तारीख त्यावरून ठरवायला हवी.

छोट्या कन्सल्टन्सीतून आलेल्या अनेकांना मॅच मिळतच नाही. त्यांच्यासाठी माझा आग्रह एवढा ठाम नाही. परत जायचं नक्की असेल आणि मॅच नसेल, तर फायदा कर पुढे ढकलण्याचा आणि पुढे कमी दराने भरण्याचा उरतो. तो खरा आहे, पण लहान आहे.

‘भारतात पुन्हा कर’

एके काळी या तक्रारीला आधार होता. अमेरिका पैसे काढताना कर लावते. भारतात पूर्ण निवासी झालेल्या माणसाच्या परदेशी खात्यात दर वर्षी झालेल्या वाढीवर मात्र त्याच वर्षी कर लागू शकत होता. दोन देशांची वर्षं जुळत नसल्याने एकीकडे भरलेल्या कराची सूट दुसरीकडे घेता येत नव्हती. यावर उपाय म्हणून २०२१ च्या अर्थसंकल्पातून आयकर कायद्यात ८९ए हे कलम आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांसाठी १०-ईई हा फॉर्म भरला की भारतही पैसे काढाल त्याच वर्षी कर लावतो आणि अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, जुन्या क्रमांकावरून शोधताना गोंधळू नका.) फिरणारा सल्ला या बदलाच्या आधीच्या काळात अडकलेला आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे परतल्यानंतरची पहिली वर्षं. दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्या माणसाला भारतात साधारण दोन-तीन आर्थिक वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. आरएनओआर म्हणतात तो हाच. या काळात परदेशात मिळालेल्या अशा उत्पन्नावर भारत कर लावत नाही. थोडी थोडी रक्कम काढायची असेल तर हाच काळ सोयीचा. परतायची तारीख ठरवताना मुलांच्या शाळेबरोबर हेही पाहा.

रॉथ ४०१(के) मात्र परत जाणाऱ्याने विचार करून घ्यावा. त्यात कर आधी भरायचा आणि अटी पूर्ण झाल्यावर अमेरिकेत पैसे करमुक्त मिळतात. भारतही तशीच करमुक्ती मान्य करेल, हे स्पष्ट लिहिलेलं नाही. परतीचा बेत पक्का असेल तर साधं, म्हणजे ट्रॅडिशनल खातंच बरं, असं माझं मत आहे.

‘त्यापेक्षा एसआयपी’

सगळ्या संदेशातलं सर्वांत महागात पडणारं वाक्य हे. अमेरिकेत कराच्या दृष्टीने निवासी असाल तर भारतीय म्युच्युअल फंड तिथे ‘पीएफआयसी’ (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) या वर्गात मोडतात. प्रत्येक फंडासाठी वेगळा ८६२१ फॉर्म लागू शकतो. वेळेवर योग्य पर्याय निवडला नसेल, तर नफा मागच्या वर्षांवर पसरून तेव्हाच्या सर्वोच्च दराने कर आणि वर व्याज लागतं. शिवाय अनेक भारतीय फंड कंपन्या अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांचे पैसे घेतच नाहीत. मग लोक आई-वडिलांच्या नावाने किंवा जुन्या निवासी खात्यातून एसआयपी चालू ठेवतात. खरं तर अनिवासी झाल्यावर ते साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायला हवं असतं.

एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या अनिवासी खात्यातल्या) मुदत ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी अमेरिकेच्या विवरणपत्रात ते पूर्ण दाखवावं लागतं. परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हा परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल भरावा लागतो आणि तो चुकल्याचे दंड फार मोठे आहेत. आणि हे सगळं करायचं ते कर भरून उरलेल्या पैशांतून, मॅचशिवाय. वरच्या उदाहरणात ४०१(के)मध्ये ९,००० डॉलर कामाला लागले होते. तोच माणूस भारतात ४,६८० पाठवू शकतो.

‘सोशल सिक्युरिटी बुडालीच’

सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शनसाठी पगारातून होणारी कपात. तिला नाही म्हणायची सोयच नाही, त्यामुळे ४०१(के)च्या निर्णयाशी तिचा संबंध लावणंच चुकीचं आहे. पण ती ‘बुडाली’ हेही सर्वांसाठी खरं नाही. पगाराच्या ६.२ टक्के तुमच्याकडून जातात, तेवढेच कंपनी भरते. निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात आणि २०२५ मध्ये त्या चारांसाठी ७,२४० डॉलरची कमाई पुरेशी होती. ४० पूर्ण झाली की भारतीय नागरिकाला भारतात राहूनही पेन्शन मिळू शकते. त्यातून २५.५ टक्के अमेरिकी कर कापला जातो आणि दोन देशांच्या करारानुसार तिच्यावर कर लावायचा हक्क अमेरिकेचाच.

दहा वर्षांआधी परतणाऱ्याचं नुकसान होतं, हे मान्य. दोन्ही देशांतली वर्षं जोडून धरण्याचा करार अमेरिका आणि भारत यांच्यात झालेला नाही आणि हा आपल्या लोकांवर होणारा उघड अन्याय आहे. पण आठ-नऊ वर्षं झालेल्यांनी निघण्याआधी सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर आपली क्रेडिट मोजावीत. विद्यार्थी व्हिसावरच्या ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाला जोडून तात्पुरतं काम करण्याच्या काळात, अनिवासी असेपर्यंत, ही कपात होत नाही, त्यामुळे ती वर्षं धरली जात नाहीत. दहा वर्षं झाली असं वाटणाऱ्याची प्रत्यक्षात आठच भरलेली असू शकतात.

संदेशात नसलेला धोका

काळजी करायचीच तर एका गोष्टीची करा, जी या संदेशात नाही. भारतात कायमचं परतल्यावर, अमेरिकेचं नागरिकत्व नसताना मृत्यू आला, तर अमेरिकेतल्या मालमत्तेपैकी फक्त ६०,००० डॉलरना वारसा करातून सूट आहे. त्यावरच्या रकमेला ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. भारताशी याबाबतचा करार नाही. परतलेल्या माणसाने खातं तीस वर्षं विसरून जाऊ नये, ते हळूहळू रिकामं करत आणावं, याचं हे खरं कारण आहे.

मॅच मिळेल तेवढं भरा, यापलीकडे माझा आग्रह नाही. क्रेडिट कार्डावर वीस टक्क्यांच्या वर व्याज चालू असेल, तर मॅचनंतरचा प्रत्येक डॉलर तिकडे जाऊ द्या. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणून काही महिन्यांचा खर्च साध्या बचत खात्यात असायलाच हवा. त्याआधी ४०१(के)ची वार्षिक मर्यादा गाठायची धडपड करू नये.

आणि परतायचं ठरलंच, तर विमानात बसण्याआधी चार कामं उरकून घ्या. जुन्या कंपन्यांमधली सगळी खाती एका आयआरएत थेट हस्तांतराने आणा, चेक स्वतःच्या नावाने घेऊ नका. भारतातला पत्ता चालेल का, हे ब्रोकरेजला आधीच विचारा, काही जण नाकारतात. ओटीपीसाठी अमेरिकेचा फोन नंबर चालू ठेवा. वारसाचं नाव तपासा, लग्नाआधीचं भरलेलं असेल तर बदला. अमेरिकेच्या करासाठी अनिवासी झाल्यावर, तसं कळवणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म त्या ब्रोकरेजलाच द्यायचा असतो.