वाचायची सोय झाली, पण छापायचं काय?

वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे संशोधनाच्या जर्नल्सची वर्गणी सरकारने एकदमच भरायची योजना, तिचं एका लेखात भरभरून कौतुक वाचलं, ३ वर्षांना ६००० कोटी, जवळपास १३ हजार जर्नल्स, छानच की. पण सध्या ते सरकारी संस्थांनाच, आमचं कॉलेज विनाअनुदानित म्हणजे आम्ही बसलोय ओळखीच्यांकडे पीडीएफ मागत. आणि खरं दुखणं वेगळंच आहे हो, २०१० ला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) एपीआयचे पॉइंट आणले, म्हणजे प्राध्यापकांच्या नेमणुकीला-बढतीला छापलेल्या पेपरचेही गुण, आणि पेपर छापायची दुकानं निघाली गल्लोगल्ली, २०१८ ला ४३०५ जर्नल्स यूजीसीने आपल्या मान्य यादीतून उडवली, मग चांगल्या जर्नल्सची नवी यादी म्हणून केअर लिस्ट आणली जिचं काम आपल्या पुण्यातूनच चालायचं, ती पण २०२५ च्या फेब्रुवारीत बंद! आता म्हणे कुठलं जर्नल चांगलं ते प्रत्येक विद्यापीठाने आपापलं ठरवायचं. म्हणजे कळलंच काय होणार ते.

मला परवाच व्हॉट्सॲपवर मेसेज, "सर, १८०० रुपये, ४८ तासात पब्लिश, सर्टिफिकेट फ्री". गंमत म्हणून आमच्या सीएचबीच्या (तासांवर पगार मिळणाऱ्या प्राध्यापकांच्या) पगारपत्रकाचा मजकूर वर्डमध्ये टाकून पाठवला तर संध्याकाळी उत्तर, रिव्ह्यूअर्सना फार आवडला, फक्त फॉन्ट टाइम्स न्यू रोमन करा. सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट पण आलंय नमुना म्हणून, नाव तेवढं चुकलंय 😂