कॅलिपर जाम म्हणजे थेट नवाच? गॅरेजवाल्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, जाम झालेला कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घरीच खोलून दुरुस्त केल्याच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ब्रेक ही घरी उघडायची वस्तू नाही, जाम झालेला कॅलिपर भंगारात टाकून नवा बसवायचा, आणि मी किट (नवी रबरी सीलं) टाकून जुनाच चालू केला हे लिहून कुणाच्या तरी जिवाशी खेळतोय. वीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस एवढं कळकळीने लिहितो तेव्हा नुसतं धन्यवाद म्हणून सोडून देणं बरोबर नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. पोस्टच्या फोटोत गाडी नुसत्या जॅकवर दिसतेय. स्टँड लावलेला होता पण तो फोटोत आला नाही आणि मी मजकुरातही लिहिलं नाही, ही चूकच आहे. पोस्टमध्ये आता सगळ्यात वर ते टाकलंय. आणि ज्याने आजवर कधी ब्रेकच्या तेलातली एअर काढलेली नाही त्याने पहिल्यांदाच एकट्याने हे करू नये, जाणकार माणूस शेजारी हवाच, हेही लिहिलंय.

पण "जाम म्हणजे नवा" हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण पैसे नाही. कॅलिपर जाम झाला असं आपण म्हणतो तेव्हा त्यात निदान तीन वेगळी दुखणी असतात. कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन अडकते, पॅड ढकलणारा पिस्टन अडकतो, किंवा कॅलिपर ठणठणीत असतो आणि त्याला ब्रेकचं तेल पोचवणारा रबरी होस पाईप आतून गेलेला असतो. तिन्हीत चाक तसंच तापतं, वासही तोच येतो.

दोन वर्षांपूर्वी कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट उतरलो आणि पोफळीला चहाला थांबलो तर पुढचं डावं चाक असं तापलेलं की बाटलीतलं पाणी डिस्कवर टाकलं ते चर्रकन उडून गेलं. गॅरेजमध्ये दाखवलं, त्यांनी डावा कॅलिपर नवा टाकला, पॅड नवे टाकले, मी बिल देऊन घरी आलो. तीन महिन्यांत तेच चाक, तोच वास. मग मी स्वतः बघितलं. चाक उचललं, बायकोला ब्रेक दाबून सोडायला सांगितला, चाक हाताने हलेना. कॅलिपरवरचा ब्लीडर निपल (तेल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) जरासा सैल केला तर तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं फिरायला लागलं. म्हणजे पाय काढल्यावरही आत प्रेशर अडकून राहिलं होतं, मग त्यात कॅलिपरचा काय दोष? होसचं रबर आतून फुगलं होतं, पायाच्या जोराने तेल पुढे जायचं पण परत यायला वाट नव्हती. गाडी २०११ची, होसही तेव्हापासूनचाच, आणि त्यालाच नवाकोरा कॅलिपर जोडलेला! जुना कॅलिपर चांगला असणार पण तो तोवर भंगारात गेला होता. तुमच्या गॅरेजमध्ये असं होत नसेल, पण बऱ्याच ठिकाणी होतं, म्हणून मी निपलच्या त्या परीक्षेवर एवढा भर देतो. निपल उघडल्यावर चाक सुटलं तर दोष कॅलिपरच्या आधी, पेडलच्या बाजूला शोधायचा, एकच चाक धरत असेल तर बहुतेक वेळा होस, दोन्हीकडे धरत असेल तर पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे बघायचं. नाहीच सुटलं तर मग पिस्टन नाहीतर पिन.

पोस्टमधला कॅलिपर उजव्या बाजूचा, यंदाचा. तिथे निपल उघडूनही चाक तसंच घट्ट. खोलला तर आतला पॅड ३ मिमी आणि बाहेरचा ७ मिमी उरलेला, वरच्या पिनचा बूट (रबरी आवरण) फाटलेला, आत लाल गंज. पिस्टन मी होस जोडलेला असतानाच, समोर लाकडाची फळी धरून, ब्रेक हळूहळू दाबत बाहेर आणला, खाली ट्रे ठेवून, कारण तेल रंगावर पडलं की रंग जातो. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन उडवतात ते मी करत नाही, बोट मध्ये आलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

आणि खरी गंमत पिस्टनमध्ये नव्हतीच, सील बसतं त्या खाचेत होती. पिस्टन मागे ओढायला आत स्प्रिंग नसते. चौकोनी कापाचं ते रबरी सील ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर किंचित पिळतं आणि सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे आणतं, बस्स एवढंच. त्या खाचेत गंजाची पांढुरकी-तपकिरी खपली साचली की सील पिस्टनवर आवळलं जातं आणि मागे येणं संपतं. बरेच जण पिस्टनला पॉलिश पेपर मारतात, नवं सील टाकतात, खाच तशीच ठेवतात, आणि मग किट टिकत नाही म्हणून किटला शिव्या. मी बांबूची काडी तासून अर्धा तास ती खाच खरवडली, कारण स्क्रूड्रायव्हरने ओरखडा पडला तर तेल तिथूनच गळणार. पिस्टनवर नख फिरवून बघितलं, कुठेच अडकलं नाही, म्हणून तो परत वापरला. नख अडकलं असतं, कॅलिपरच्या सिलिंडरमध्ये ओरखडे असते किंवा निपल मोडला असता तर मीही नवाच टाकला असता, तिथे तुमचं शंभर टक्के खरं. हँडब्रेकचा स्क्रू आत असलेला मागचा कॅलिपर तर मी उघडतच नाही.

पिनला तुमची मुलं साधं चेसिस ग्रीस लावतात आणि काही होत नाही असं तुम्ही लिहिलंय. दादा, हे कृपा करून थांबवा. पेट्रोलियमचं ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवतं, लावल्यावर महिनाभर पिन मस्त सरकते आणि मग फुगलेल्या रबरात अडकते. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावायला सांगा.

ब्रेक ऑईलचंही तेच, आमच्या कोकणच्या हवेत ते पाणी ओढतच असतं. डॉट ४ प्रतीच्या तेलासाठी उकळायची किमान मर्यादा नवं असताना २३० अंश, साधारण ३.७ टक्के पाणी शिरलं की १५५. आतला गंज त्याच पाण्याने येतो, आणि घाटात तेल उकळून ब्रेकवरचा पाय खाली जातो तोही त्यानेच. मी दर दोन वर्षांनी बदलतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, त्या गाडीत स्वतःच्या मुलांना बसवतोस का. बसवतो. गेल्या रविवारी चौघं कराडला जाऊन आलो, घाट उतरून पोफळीला थांबलो आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात धरून बघितला. दोन्ही सारखीच कोमट होती.