बांधून ठेवल्याने दारू सुटते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

दारू सोडवण्यासाठी माणसाला बांधून ठेवू नये, माणुसकीने वागवावं, असं मी परवा लिहिलं. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "माणुसकीच्या गप्पा सोप्या असतात. माझ्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रात आठ दिवस बांधून ठेवलं, म्हणून तो सहा महिने प्यायला नाही. गोड बोलून दारू सुटत नसते."

एक गोष्ट आधी कबूल करते. रात्री दोनला दारावर लाथा बसतात तेव्हा आत जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या बाईबद्दल माझ्या लेखात एक ओळही नव्हती. चुकलंच माझं.

पण बांधण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. माझा धाकटा भाऊ नाशकात अंबडला कारखान्यात कामाला. त्यालाही आम्ही अशाच एका केंद्रात टाकलं होतं. तिथे मार बसला. घरी आल्यावर काही महिने तो गप्प होता, आणि आम्हाला वाटलं, सुटली. नंतर तो चोरून प्यायला लागला. पुन्हा तिथे पाठवतील या धास्तीने एक दिवस कुणालाही न सांगता त्याने दारू एकदम बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला मोरीत फिट आली. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, औषध मिळालं नाही तर माणूस दगावूही शकतो. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला एवढंच विचारलं, "शेवटची किती वाजता घेतली?" त्यावरून पुढचा धोका कधी, हे ठरतं. रागावली नाही, वेळ लिहून घेतली. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा खरं सांगितलं. मी ज्याला माणुसकी म्हणते ती ही, ताई. गोड बोलणं नव्हे.

२००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या एका ठिकाणी आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही, २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही त्याच कायद्यात येतात.

भाऊ अंगावर धावून येत असेल तर सहन करत बसा, असं मी म्हणत नाही. आजार गंभीर असेल आणि जिवाला धोका असेल तर त्याच्या प्रतिनिधीच्या (म्हणजे त्याने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या माणसाच्या) अर्जावर, दोन तज्ज्ञांनी तपासून, त्याची तयारी नसतानाही ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या नाशकात नाही, आणि सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्याची तर दिवसाची मजुरीच बुडते. निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीत चालतो. तुमच्यासाठीही फोन करा, फक्त भावासाठी नको.

सहा महिन्यांनंतर काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तो पुन्हा पीत असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. सिव्हिलला यायचं ठरलं तर कळवा, मी सातपूरहून येते तुमच्यासोबत.